तुम्ही विचारलंत म्हणून : ‘मोल्सवर्थ’ म्हणजे काय?

जुन्या कोशांचा विषय निघाला की मराठी-इंग्रजी कोश करणाऱ्या मोल्सवर्थसाहेबांचं नाव येतं आणि मला हमखास विचारतात, ‘मोल्सवर्थ या आडनावाचा अर्थ काय हो?’ मराठीत मोल म्हणजे किंमत, इंग्रजीत वर्थ म्हणजेही किंमत. तेव्हा हा माणूस शब्दांचं मोल करायलाच जन्मला, असं कौतुकानं म्हणणारेही भेटतात. योग सुंदर आहे, पण निव्वळ योगायोग.

मोल्सवर्थ हे मुळात गाव. इंग्लंडातल्या जुन्या हंटिंग्डनशायरमधलं, आता केंब्रिजशायरमध्ये मोडणारं. विल्यम राजानं करवलेल्या १०८६ च्या जमीन-नोंदीत, डूम्सडे बुकात, ते सापडतं. त्यातला ‘वर्थ’ किमतीचा नव्हे. जुन्या इंग्रजीत वर्थ म्हणजे कुंपण घातलेलं आवार, वाडी. लंडनच्या वाँड्सवर्थमध्येही तोच. उरलेला भाग माणसाच्या नावाचा : मूल. (मुलाबाळांशी संबंध नाही.) हे नाव त्या काळी खरंच ठेवत. वेसेक्स या इंग्लंडातल्या जुन्या राज्याचा राजा कॅडवाला याच्या भावाचं नाव मूल होतं. ६८७ मध्ये केंटमध्ये त्याला जाळून मारल्याची नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे. खेचर, म्हणजे मिश्र रक्ताचा, असा त्या नावाचा अर्थ लावतात. आपल्या गावचा मूल मात्र कुणी साधा वाडीवाला असावा. त्याचं नाव तेवढं उरलं, आणि मला तेच फार मोलाचं वाटतं.

गावाचं आडनाव होण्याची रीत आपल्या ‘कर’सारखीच. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावानं कोण हाक मारणार? तो दुसरीकडे जाऊन राहिला की लोक त्याला ‘मोल्सवर्थचा’ म्हणू लागतात. मराठीत सांगायचं तर मूलवाडीकर! गाव एवढंसं, म्हणून आडनावही विरळाच. तरी कॉर्नवॉलमधल्या पेनकॅरोला या नावाचं मोठं घराणं झालं आणि १७१६ मध्ये एका मोल्सवर्थला आयर्लंडात व्हायकाउंट, म्हणजे उमराव, केलं. डब्लिनमध्ये या नावाचा रस्ता आहे.

आपले मोल्सवर्थ म्हणजे जेम्स थॉमस, कंपनीच्या लष्करातले. जॉर्ज आणि थॉमस कँडी या भावांसह आणि मराठी शास्त्रीमंडळींच्या मदतीनं केलेला त्यांचा कोश १८३१ मध्ये निघाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द साठ हजारांच्या घरात गेले. इथल्या लोकांनी त्यांना ‘मोलेसर शास्त्री’ केलं. पदवी आपली आणि उच्चारही आपला; एखाद्या परक्या आडनावाला मराठीत याहून मोठा मान मिळालेला मला माहीत नाही.