मोसंबीवरचा दोरा

तिकीट काढलं तेव्हाच अण्णांनी भागाकार केला होता. मुंबई ते अमेरिकेतलं न्यूअर्क, अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. "ताशी नऊशे धरले तरी चौदा तास होतात. मग हे सोळा काहून सांगायलेत?" मला उत्तर देता आलं नाही.

वंदे भारतनं जालना ते मुंबई सात तास कसे गेले कळलंही नाही. विमानात मात्र अण्णांचे गुडघे पुढच्या सीटला टेकलेले. सत्तरीतल्या माणसाला सोळा तास असं मुडपून बसवणं मला अजूनही पटत नाही. पाय सुजले त्यांचे. तक्रार त्यांनी नाही केली, मी करतोय.

समोरच्या पडद्यावर नकाशा होता. अमेरिका पश्चिमेला, आणि विमान सरळ डावीकडं जायचं सोडून उत्तरेकडं चढत होतं. "अण्णा, हे वर कुठं चाललंय?" मी विचारलं.

त्यांनी पिशवीतून मोसंबी काढली. मनगटावरचा राजूरच्या गणपतीचा गंडा सोडला. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. नखानं एक खूण मुंबईची, दुसरी पार पलीकडं न्यूअर्कची. दोऱ्याची टोकं दोन खुणांवर धरून ओढ दिली, आणि दोरा आपोआप देठाकडं सरकला.

"जवळची वाट ही. भिंतीवरच्या नकाशात पृथ्वी चपटी केलेली असते, म्हणून ती वाकडी दिसते."

पाचवीत त्यांनी आम्हाला हेच असंच दाखवलं होतं. जिल्हा परिषदेच्या आमच्या शाळेतला पृथ्वीगोल मोडका होता आणि मोसंबी कुणाच्याही मळ्यात मिळायची. तीस वर्षं त्यांनी हा दोरा ताणला, पण त्या वाटेनं ते स्वतः पहिल्यांदाच चालले होते. मला पुढं बोलवेना.

विमान अगदी दोऱ्यावरून जात नाही. कुठल्या देशाचं आकाश बंद असतं, कुठं वारा टाळायचा असतो. त्या वाऱ्यातच अण्णांना राहिलेले दोन तास सापडले. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचे वारे वाहतात. जाताना ते तोंडावर, येताना पाठीशी. तिथले पंधरा दिवस माझ्या बहिणीच्या घरी नातवंडांत गेले, त्याचे फोटो आहेत. परतताना खरंच तास-सव्वा तास कमी लागला आणि अण्णांनी तो वहीत लिहून ठेवला.

जाताना न्यूअर्कला उतरण्याआधी सूचना झाली होती, की फळं बाहेर नेता येणार नाहीत. अण्णांनी मोसंबी सोलली. खुणा असलेली साल रुमालात गुंडाळून ठेवली, निम्म्या फोडी मला दिल्या आणि गंडा पुन्हा बांधायला हात पुढं केला.

खिडकीबाहेर सकाळचे साडेसात झाले होते. अण्णांनी घड्याळ बदललेलंच नव्हतं.

"पाच वाजले," ते म्हणाले. "आता धारा काढायला घेतील."