सात नंबरचा पेपर

मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात मला २२ वर्षं झाली. परवा एक रेसिडेंट मुलगी नाइट ड्यूटी उरकून तशीच आली. थिसिसच्या चाळीस संदर्भांची यादी पुढे सरकवत म्हणाली, "मॅडम, सात नंबरचा तेवढा मिळत नाहीये."

लेखकांची नावं, वर्ष, पानं, सगळं चोख. जर्नलही खरंच. पीएमआयडी, म्हणजे पेपरचा ओळख क्रमांक, पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत टाकला, तर निघाला उंदरांच्या किडनीवरचा पेपर. हिचा विषय मधुमेहींच्या पायाच्या जखमा! जर्नलचा तो अंक उघडला, तिथेही हा लेख नाही. म्हटलं, "यादी कुणी केली गं?" ती ओशाळून हसली. चॅटबॉटनं.

पबमेड १९९७ मध्ये सगळ्यांना मोफत खुलं झालं. मी लागले तेव्हा मुलं शोधायचं कसं ते विचारायला यायची. मग पीडीएफ टेलिग्रामवर फिरू लागल्या, आणि पुस्तकांच्या रॅकजवळ फक्त झाडूवाल्या मावशी दिसायच्या. आता मुलं परत येतायत, नसलेले पेपर शोधायला.

"मग काय, चाळीसच्या चाळीस तपासू?"

"आधी कँटीनमधून चहा घेऊन ये. दोन."