रीफर सोडून दुधाच्या टँकरवर

ढाब्यावर भेटणारी पोरं एकच विचारतात, "दादा, रीफरची चांगली गाडी सोडून दुधाच्या टँकरवर कामून गेलात?" पगारात फार फरक नाही. घर भूम तालुक्यात, आणि रीफरवर, म्हणजे थंडीचं यंत्र बसवलेल्या बंद गाडीवर, असताना कित्येक आठवडे घराचं तोंड दिसायचं नाही, हे एक कारण झालं. पण टँकरवर मी टिकलो ते वेगळ्या कारणानं.

रीफरवर जानेवारी ते एप्रिल द्राक्षं न्हावा शेव्याच्या बंदरात, उन्हाळ्यात आइस्क्रीम, मधूनच गोठवलेला मटार. द्राक्षाला शून्याच्या आसपास ठेवायचं, आइस्क्रीमला उणे १८. थंडी करणाऱ्या युनिटला स्वतःचं डिझेल इंजिन असतं, त्यामुळं झोपेतही कान तिकडंच. आवाज बदलला की जाग यायची. पण एक निवांतपणा होता: गोदामाच्या गेटवर रात्रभर थांबवलं तरी डिझेल आहे आणि युनिट चालू आहे तोवर माल धड राहतो.

टँकरला युनिटच नाही. आत स्टीलची टाकी, बाहेर दुसरा पत्रा, मधे पफचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमचा थर. दूध गावच्या बल्क कूलरमध्ये, म्हणजे दूध थंड करायच्या मोठ्या टाकीत, ४ अंशांपर्यंत उतरवलेलं असतं, तीच थंडी शेवटपर्यंत पुरवायची. टाकी चांगली असेल तर रात्रभरात एखाद-दुसरा अंश चढतो. म्हणून कूलरवर काटा ७ दाखवत असेल तर मी पाइप जोडत नाही, केंद्रवाला कितीही घाई करू दे. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४२ च्या पुढं जातो. त्यात डेअरीच्या गेटवर रांग लागली तर हातात काहीच उरत नाही.

आता चालवण्याचं. रीफरमध्ये माल पेट्यांत असतो, ब्रेक मारला की गाडीबरोबर मालही थांबतो. दूध थांबत नाही. ते पुढं धावतं, कप्प्याच्या भिंतीवर आदळतं आणि थांबत आलेल्या गाडीला परत रेटतं. मग मागं जातं, पुन्हा पुढं येतं. वळणावर हेच आडवं होतं, आणि टाकीचं वजन आधीच उंचावर असतं. काठोकाठ भरलेली टाकी त्या मानानं शांत. रिकामी तर प्रश्नच नाही. अर्धी भरलेली सगळ्यात वाईट. म्हणून एक कप्पा पूर्ण भरल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही आणि कुठला कप्पा आधी भरायचा हे पुढच्या-मागच्या चाकांवरचा भार बघून ठरवायचं.

आमच्या भागात पाण्याचे टँकर चालवलेले लई जण आहेत. त्यांना वाटतं, हे तर आपल्याला येतंच. पाण्याच्या टाकीत आडवे पडदे बसवता येतात, पाणी त्यांना अडतं. आमच्या टाकीत कप्पे आहेत, पण प्रत्येक कप्पा आतून मोकळा आणि गुळगुळीत. पडद्याच्या कोपऱ्यात दूध अडकून राहिलं तर ते धुऊन निघत नाही आणि पुढचं सगळं दूध नासवतं. दूध स्वच्छ राहावं म्हणून गाडी चालवायला अवघड केली आहे, आणि ते बरोबरच आहे.

मांजरसुंब्याचा घाट बीडच्या बाजूला उतरताना हे सगळं अंगावर येतं. मी रीफर घेऊन तिथून असंख्य वेळा गेलोय, पण टँकर घेऊन गेलो तेव्हा तो घाट मला नवा होता. शेजारी आमचे जुने ड्रायव्हर होते, सगळे त्यांना मामा म्हणतात. म्हणाले, "ब्रेकवर नको बाळा, गिअरवर उतर. गाडी वळतीय हे दुधाला कळू देऊ नको." यापेक्षा चांगलं मला कुणी शिकवलेलं नाही.

डेअरीत पोचल्यावर दुसरं काम सुरू होतं. रीफरमध्ये सील तपासलं, तापमानाचा कागद दिला की सुटलो. इथं आधी प्लंजरनं, म्हणजे ढवळायच्या दांडीनं, दूध वरखाली ढवळावं लागतं, कारण उभ्या गाडीत साय वर येते आणि वरवरचं सॅम्पल खोटं बोलतं. मग फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), आम्लता. पाणी मिसळलंय का हे गोठणबिंदूवरून कळतं: निखळ दूध उणे ०.५ अंशाच्या जरा खाली गोठतं, पाणी घातलं की आकडा शून्याकडं सरकतो. एक कप्पा नापास झाला तर तो अख्खा परत.

इथंच मी टिकण्याचं कारण आहे. माझी गाडी २०,००० लिटरची. त्यात कुणा एकाचा माल नसतो. दोन-तीन गाई असलेल्या घरांचं दूध एकत्र झालेलं असतं. आमच्या गोठ्यातलंही त्यातच. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल येतं, त्यावर किराणा चालतो, पोरांची फी भरली जाते. सोयाबीन पावसानं झोपवलं त्या वर्षी कित्येक घरं या बिलावर उभी राहिली. वाटेत टाकीचं झाकण उघडायला लावणारे भेटतात. त्यांना मी गाडीजवळ येऊ देत नाही.

रिकामी झाली की धुलाई. आधी साधं पाणी, मग गरम कॉस्टिक सोड्याचं पाणी, पुन्हा पाणी, गरजेप्रमाणं ॲसिड, पुन्हा पाणी. हे टाकीतल्या स्प्रे बॉलमधून, म्हणजे फवारे मारणाऱ्या गोळ्यातून, आपोआप होतं, पण व्हॉल्व्ह आणि झाकणाचं रबर मी स्वतः काढून घासतो. वास तिथंच लपतो. गरम धुलाईनंतर झाकण गच्च लावून गार पाणी सोडायचं नाही, आतली वाफ आकसते आणि टाकी आत पिचकते. पंपानं दूध उतरवताना हवेची वाट बंद राहिली तरी तेच. आणि टाकीत एकट्यानं उतरायचं नाही, दोन मिनिटांसाठी सुद्धा नाही. बंद टाकीत नासलेलं दूध प्राणवायू खातं, माणूस खाली बसतो तो उठत नाही. मालक म्हणाला तरी नाही म्हणा.

लायसन्सचं विचारता, तर हेवी गाडीचं पुरतं. हॅझार्डसचा, म्हणजे धोकादायक मालाचा, लायसन्सवरचा शेरा पेट्रोल-रसायनांच्या टँकरला लागतो, दुधाला नाही. रीफरवरची तापमान लिहायची सवय मात्र सोडू नका. भरताना किती अंश, किती वाजता, सील नंबर काय, हे वहीत असलं की गेटवर वाद मिटतो. आणि मालकाला होकार देण्याआधी जुन्या माणसाला शेजारी बसवून भरलेली आणि अर्धी, अशी दोन्ही गाडी घाटातून उतरवून बघा.