लाइट गेली की शुक्रतारा

माग चालू असताना कारखान्यात शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही, तिथं अरुण दात्यांचा आवाज काय पोचणार? लोडशेडिंग झालं की माग थांबायचे. मग नायना, म्हणजे माझे वडील, सेलवरचा ट्रान्झिस्टर लावायचे आणि ‘शुक्रतारा मंद वारा’ लागलं तर सगळे गप्प. आई विड्या वळायची, तिचे हात तेवढे थांबायचे नाहीत.

आम्ही सोलापूरच्या साखर पेठेतले, घरात तेलुगू. शाळेत पोरं माझ्या मराठीला हसायची, ‘चादरवाला’ म्हणायची. दाते कुठले हे तेव्हा माहीत असतं तर! माणूस इंदूरचा. वडील रामुभैया दाते नावाजलेले रसिक, कुमार गंधर्वांचा सहवास, गळा उर्दू गझलेवर बसलेला. आपलं मराठी हिंदी वळणाचं, म्हणून ते हे गाणं गायला तयारच नव्हते असं सांगतात. संगीतकार श्रीनिवास खळ्यांनी मात्र त्यांचा पिच्छा सोडला नाही. सोबतीला सुधा मल्होत्रा. त्या तर हिंदी सिनेमात गाणाऱ्या, जन्म दिल्लीचा. पाडगावकरांचे शब्द असे दोघांच्या तोंडी गेले, आणि १९६० नंतरच्या त्या काळातली किती लग्नाळू पोरं-पोरी त्यावर लाजली असतील!

चाल सोपी वाटते. तिथंच भले भले फसतात. आमच्याकडं गणपतीत ऑर्केस्ट्रा असतो, त्यात हे गाणं दर वर्षी कुणीतरी घेतंच. मोठा आवाज लावून, ताना मारून. अरे बाबा, दात्यांनी कुठं जोर लावलाय? आवाजात बारीकसा कंप आहे, तो झाकलेलासुद्धा नाही. शेजारी बसलेल्या बाईशी बोलल्यासारखं गायलंय. सुधाताईंचं कडवं येतं तेव्हा तीही तितकंच हळू बोलते, म्हणून ते दोघांचं गाणं वाटतं. (रिमिक्स ऐकलंय. त्यावर बोलत नाही.)

नायनांना या चर्चेत रस नाही. दाते मुंबईत टेक्स्टाइल इंजिनिअरिंग शिकले आणि पुढं बरीच वर्षं कापडाच्या धंद्यात नोकरी केली, हे मी त्यांना मोबाइलवर वाचून दाखवलं. २०१८ साली दाते गेले, तेव्हाची गोष्ट. नायनांनी चष्मा वर केला.

“म्हणजे आपल्या लायनीतलाच माणूस की बे! कुठल्या खात्यात होते? विणाई का सूत?”

ते काही त्यात लिहिलं नव्हतं. नायनांनी परस्पर ठरवून टाकलं, विणाईच.