शाळेची व्हॅन आणि ०.०४१ टक्के

दारूच्या तपासणीसाठी पोलीस माणूस घेऊन येतात ते बहुतेक रात्री दहानंतर. त्या मंगळवारी आमच्या उपजिल्हा रुग्णालयात हवालदार एका व्हॅनचालकाला घेऊन आले, तेव्हा सकाळचे आठ वीस झाले होते आणि बाहेर केसपेपरची रांग लागली होती. चालक अंघोळ केलेला, कपाळाला गंध, इस्त्रीचा शर्ट. शाळेची सात मुलं घेऊन जाताना त्याची व्हॅन वळणावर विजेच्या खांबाला घासून नाल्याच्या कठड्यावर चढली होती. दोन मुलांना खरचटलं होतं, एका मुलीच्या हनुवटीला तीन टाके घालावे लागले.

"मॅडम, रात्री घेतली होती, आत्ता नाही. झोपून उठलोय, चहा-पोहे झालेत," तो म्हणाला. माणूस खरं बोलत होता, आणि घोळ नेमका तिथंच होता. झोप, अंघोळ, काळा चहा, लिंबू, यातल्या कशानेही दारू लवकर उतरत नाही. यकृत आपल्या गतीने ती जाळतं: १०० मिली रक्तामागे तासाला साधारण १५ मिलिग्रॅम, कुणात १०, तर रोज पिणाऱ्यात २०-२५. हिशेब करून बघा. १८० मिलीची एक क्वार्टर, ४२.८ टक्क्यांची, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ६५ किलोच्या पुरुषाने ती रिचवली की रक्तातलं प्रमाण १०० मिलीला १३५ मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकतं. कायद्याची मर्यादा ३०. तिच्या खाली यायला सात तास लागतात. हा गडी रात्री दहाला बसला होता आणि त्याने दीड क्वार्टर घेतली होती. त्याला ३० च्या खाली यायला सकाळचे साडेनऊ-दहा वाजले असते. व्हॅन निघाली सव्वासहाला, अपघात झाला सहा पन्नासला.

पोलिसांनी जागेवरच ब्रेथ अ‍ॅनालायझर लावला होता, आकडा ६४. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ला खरं तर तेवढं पुरतं. फुंकरीच्या यंत्रावर ३० च्या वर आकडा आला की गुन्हा झाला. पण हवालदारांनी पावती दाखवली तेव्हा तिच्यावर वेळ होती १९:०५. यंत्राचं घड्याळ बारा तास पुढे. बॅटरी बदलल्यावर कुणी ते लावलंच नव्हतं. अशी पावती कोर्टात गेली की बचावाचा वकील आधी घड्याळावर बोट ठेवतो, मग कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र मागतो, मग विचारतो की फुंकर मारण्याआधी पंधरा मिनिटं थांबला होतात का. तो प्रश्न काही फालतू नाही. ढेकर आली, उलटी झाली किंवा नुकतीच माउथवॉशने चूळ भरल्याने तोंडात अल्कोहोल असलं, तर यंत्र फुप्फुसातली हवा न मोजता तोंडातली मोजतं. म्हणून रक्त घ्यायचं ठरलं. मोटार वाहन कायद्याच्याच कलम २०४ मध्ये त्याची सोय आहे, आणि आरोपीच्या वैद्यकीय तपासणीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१ आहेच.

आधी मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठी पोलिसांनी दिलेलं पत्र, वाचली. नाव, गुन्ह्याचा तपशील, आणल्याची वेळ सगळं होतं. कलम खाडाखोड करून घातलेलं, ते पुन्हा लिहून सहीने आणायला लावलं. मग अंगावरच्या दोन ओळखखुणा, डाव्या अंगठ्याचा ठसा, संमतीची सही. नकार दिला असता तर तो दोन साक्षीदारांसमोर लिहून घेतला असता, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम २०५ नुसार असा विनाकारण नकार त्याच्याविरुद्धच जातो.

तपासणीत श्वासाला मंद वास, डोळे लाल, नाडी ९६. बोलणं स्वच्छ. सरळ रेषेत चालला, बोट नाकाला बरोबर लावलं, वळताना मात्र एकदा तोल सावरला. एवढ्यावर मत देणं धोक्याचं. बचूभाई कारियाणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच सांगून ठेवलंय, की वास, लडखडणं आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता हे सिद्ध होत नाही. डोक्याला मार लागलेला माणूस असाच दिसतो, साखर उतरलेलाही. त्यामुळे डोकं चाचपलं, ग्लुकोमीटरवर साखर पाहिली, ११२.

साखर बघायला सिस्टरने सवयीप्रमाणे बोटाला स्पिरिटचा बोळा लावला. तिथं काही बिघडत नाही. पण त्याच हातमोज्याने, त्याच बोळ्याने पुढे कोपराची शीर पुसली, तर सगळं मुसळ केरात. स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच. म्हणून डाव्या बोटाची साखर, उजव्या कोपराचं रक्त, नवे हातमोजे, आणि कातडी निर्जंतुक पाण्याने पुसलेली. स्पिरिटची बाटली ट्रेमधून आधीच बाहेर. हे सगळं नोंदवहीत लिहायचं, कारण 'नेहमीप्रमाणे केलं' याला उलटतपासणीत किंमत नसते.

नळी राखाडी बुचाची. तिच्यात सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट असतं. ऑक्झलेट रक्त गोठू देत नाही, फ्लोराइड जंतूंना आणि बुरशीला आवर घालतं. फ्लोराइड नसेल तर उन्हाळ्यात टेबलावर पडलेल्या नळीत साखर आंबून नवं अल्कोहोल तयार होऊ शकतं, किंवा होतं ते कमी होतं. दोन्हींचा फायदा आरोपीला. पाच मिली रक्त, नळी शक्यतो भरलेली, कारण वर मोकळी जागा राहिली की अल्कोहोल तिथं उडतं. मग आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी. लेबलवर नाव, एमएलसी (पोलीस केसच्या वैद्यकीय नोंदीचा) क्रमांक आणि रक्त घेतल्याची वेळ: ८.४०. नळी आणली ती वेळ वेगळी, सील केलं ती वेगळी. लाखेचं सील, त्याच सीलचा नमुना पत्रावर. पोलिसांना दिल्याची सही होईपर्यंत नळी फ्रिजमध्ये. मुद्देमाल नाशिकच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत सात दिवसांच्या आत जायला हवा; हा तिसऱ्या दिवशी गेला, ठाण्याच्या नोंदवहीत जावक क्रमांकासह. १९६३ चा उखा कोल्हे खटला आजही वकिलांच्या तोंडी असतो तो रक्त घेण्याच्या आणि सांभाळण्याच्या याच पायऱ्यांसाठी.

सीए रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, आला: इथाइल अल्कोहोल ०.०४१ टक्के.

अशा केसेसमध्ये एरवी माणूस गुन्हा कबूल करतो, दंड भरतो आणि घरी जातो. कलम १८५ ई-चलनावर मिटत नाही, कोर्टात जावंच लागतं, पण सुनावणी सहसा होत नाही. या चालकाने लढायचं ठरवलं, कारण त्याला दंडापेक्षा लायसन्सची भीती होती. लायसन्स गेलं की बॅज गेला, बॅज गेला की पोट गेलं. दीडएक वर्षाने मला साक्षीचं समन्स आलं.

पावतीच्या घड्याळावर वकिलांनी यथेच्छ वेळ घालवला. मग रक्ताकडे वळले. "डॉक्टर, दारूबंदी कायद्यात मर्यादा ०.०५ टक्के आहे हे खरं ना? आणि अहवाल ०.०४१ चा. म्हणजे माझा अशील मर्यादेच्या आत होता." हा युक्तिवाद ऐकायला सोपा आणि फसवा. ०.०५ हा आकडा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम ६६(२) मधला. दारू प्यायल्याचं गृहीतक आणि ते खोडून काढण्याची आरोपीवरची जबाबदारी यापुरता. गाडी चालवण्याचा निकष वेगळा, १०० मिलीला ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. ०.०४१ म्हणजे ४१ मिलिग्रॅम. टक्क्यांचे मिलिग्रॅम करताना हजाराने गुणायचं. एवढं अंकगणित कोर्टात उभं राहून सांगावं लागलं, आणि माननीय न्यायाधीशांनी ते कागदावर स्वतः करून पाहिलं. ही मर्यादा केंद्रीय कायद्यातली, त्यामुळे गोव्यात किंवा कर्नाटकात बदलत नाही.  

सरकारी वकिलांनी पुढे विचारलं, की अपघाताच्या वेळी प्रमाण किती असेल. एकच आकडा मी दिला नाही. ८.४० ला ४१, आधीचे एक तास पन्नास मिनिटं, तासाला १० ते २५ ने घट, म्हणजे साधारण ५९ ते ८७ च्या दरम्यान, एवढंच सांगितलं. फुंकरीचा ६४ त्यात बसत होता. पण खरं वजन मोजलेल्या ४१ लाच होतं. पोलीस रांगेत बसून अकरापर्यंत थांबले असते, तर प्रयोगशाळेचा आकडा ३० च्या खाली उतरला असता आणि हातात फक्त चुकीच्या घड्याळाची पावती उरली असती.

निकाल शिक्षेचा लागला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी हा दंड दोन हजारांपर्यंतच होता. याला कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दहा हजार. शिवाय बेदरकार चालवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली आणि मुलांच्या दुखापतींबद्दल कलम १२५ खाली वेगळा दंड. पण त्याला लागला तो मोटार वाहन कायद्याच्या कलम २०(२) चा फटका: १८५ मध्ये दोषी ठरलं की किमान सहा महिने लायसन्ससाठी अपात्र, तिथं न्यायाधीशांच्या हातात कमी करणं नसतं. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजार दंड किंवा दोन्ही, आणि लायसन्स परिवहन कार्यालयाकडे पाठवलं गेलं तर ते रद्द होण्याची तरतूद.

व्हॅनचा मालक वेगळा होता. त्याने दुरुस्तीसाठी विम्याचा दावा लावला आणि सर्वेअरने गुन्ह्याची कलमं वाचूनच तो परत केला. चालक दारूच्या अमलाखाली असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई पॉलिसीत बसत नाही. पुढची बंपर, रेडिएटर आणि डाव्या बाजूचं पत्र्याचं काम मालकाने खिशातून केलं.