डोंगरगावचा डायनोसॉर, क्रोशाच्या सुईवर

शेपटीच्या टोकापासून मानेपर्यंतचं अंग एकसंध विणून झालंय. डोकं विणून भरलंय, डोळे काढायचे बाकी आहेत. पुढचे दोन पाय टाचण्यांनी खांद्याला लावून ठेवलेत आणि मागचे सुईवर आहेत. इतकं झालंय म्हटल्यावर नोंदी लिहून काढते, कारण या प्राण्याचा तयार नमुना मला कुठेही मिळाला नाही. पुढे कुणाला करावासा वाटला तर आकडे हाताशी असावेत.

प्राणी आहे आयसिसॉरस. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा. लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या टायटॅनोसॉर गटातला, डायनोसॉरच्या शेवटच्या, म्हणजे क्रिटेशस काळाच्या अगदी अखेरचा. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी, जैन आणि बंदोपाध्याय यांनी, १९९७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. तेव्हा तो ‘टायटॅनोसॉरस’ या जुन्या नावाखाली होता. २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी त्याला वेगळं काढून आजचं नाव दिलं. अमिगुरुमीत, म्हणजे क्रोशाने विणून भरलेल्या खेळण्यांत, डायनोसॉर म्हटलं की बहुतेक सगळे टी-रेक्स, स्टेगोसॉरस नाहीतर ट्रायसेराटॉप्स करतात. लांब मानेचा केलाच तर तो एकाच साच्यातला असतो: चारही पाय सारखे, पाठ सपाट, मान पुढे लांबलचक. बहिणीच्या नातवासाठी खेळणं करायचं ठरल्यावर मला वाटलं, विदर्भातल्या पोराच्या हातात विदर्भाचाच डायनोसॉर द्यावा. आणि द्यायचाच तर तो ओळखू यावा.

ओळख कशात आहे ते हाडं सांगतात. आयसिसॉरसची मान त्याच्या भाऊबंदांच्या मानाने आखूड आणि वर जाणारी, पुढचे पाय लांब. म्हणजे खांदा उंच आणि पाठ शेपटीकडे उतरती. माझ्या दृष्टीने या खेळण्याचा सगळा जीव त्या उतारात आहे. रंग चुकला तर चालेल, पण उतार नसेल तर तो कुठलाही लांब मानेचा डायनोसॉर होईल.

मापं आधी ठरवली. लांबीचा अंदाज सुमारे १८ मीटर दिला जातो. ७५ ला १ प्रमाण धरलं की खेळणं २४ सेंटिमीटरचं होतं, म्हणजे लहान मुलाला शेपटी धरून फिरवता येईल एवढं. दंडाचं हाड १४८ सेंटिमीटर, ते या प्रमाणात २ सेंटिमीटर. चार पदरी सुती दोरा आणि अडीच मिलिमीटरची सुई घेऊन चौकोन विणून मोजला: १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके आणि २६ फेऱ्या. म्हणजे एक फेरी साधारण ३.८ मिलिमीटर. पुढचं सगळं गणित यावरच बसवलंय. लांब्या प्रमाणात ठेवल्या, जाडी मात्र मोकळी सोडली. पाय प्रमाणात बारीक केले असते तर आत फायबर भरायला जागाच उरली नसती.

सगळं मुक्या खांबात (सिंगल क्रोशे) विणते आहे, पण सुईवर दोरा वरून न घेता खालून ओढून. याने टाका इंग्रजी व्ही सारखा न दिसता फुलीसारखा दिसतो, वीण घट्ट बसते आणि भरलेलं फायबर बाहेर डोकावत नाही. माझ्यासाठी याहून मोठा फायदा दुसराच आहे. गोल फेऱ्यांत, उजव्या हाताने विणणाऱ्यांचे टाके हळूहळू उजवीकडे सरकत जातात. चेंडू विणताना त्याचं काही वाटत नाही. पण इथे पाठीची मध्यरेषा शेपटीच्या टोकापासून मानेपर्यंत सरळ राहायला हवी, नाहीतर मान एका कुशीला वळते. दोरा खालून घेतला की हे सरकणं बरंच कमी होतं. तरीही मी पाठीच्या मध्यावर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची खूण ठेवली आहे आणि दर चार-पाच फेऱ्यांनी अंग टेबलावर आडवं ठेवून ती सरळ जाते का ते पाहते. जिथे हलली तिथे फेरीची सुरुवात एका टाक्याने पुढे घेते.

शेपूट: मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून बंद होणाऱ्या दोऱ्याच्या फासात, ५ टाके, मग एका आड एका फेरीत १ टाका वाढवत ३० फेऱ्यांत २० टाके. वाढ नेहमी पोटाच्या बाजूला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. पाठीच्या बाजूला वाढ घेतली की तिथे उंचवटा येतो आणि उताराची रेषा तुटते. शेपटी विणता विणताच भरत जावी. टोकापर्यंत नंतर बोट पोचत नाही आणि काडीने ढकललेलं फायबर गोळा होऊन बसतं. मी ते हाताने छान पिंजून, अगदी चिमूटभर घेऊन भरते. गादीचा कापूस घरात होता, पण खेळणं धुवावं लागणार. कापूस ओला झाला की त्याच्या गाठी होतात, फायबर तसंच राहतं.

कमरेपाशी २० चे २४, ३० आणि ३६ टाके, आणि ३६ वर १२ फेऱ्या सरळ. एकाच जागी एकावर एक वाढ घेतली की गोलाला षटकोनी कोपरे येतात, म्हणून प्रत्येक फेरीत वाढीची जागा मागच्या फेरीच्या वाढींच्या मधोमध घेतली. पोट आता माठासारखं गोल आलंय. हात फिरवला की कुठे कड लागत नाही.

आता छाती आणि मान, ज्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. नळी सरळ विणत गेलं तर मान पुढे जाते. तिला वर उचलायचं तर छातीच्या बाजूला पाठीपेक्षा जास्त वीण हवी. याचे दोन रस्ते आहेत. पहिला, छातीच्या अर्ध्या भागात अर्धे खांब आणि पाठीच्या भागात मुके खांब. अर्धा खांब उंच असल्यामुळे नळी आपोआप पाठीकडे वळते, उलटं फिरावं लागत नाही, वळण फार गोड येतं. पण अर्ध्या खांबाच्या मधून बारीक भोकं दिसतात, आणि गडद दोऱ्यातून पांढरं फायबर दिसलेलं मला बिलकूल आवडत नाही. दुसरा रस्ता अर्ध्या फेऱ्यांचा: फक्त छातीच्या १२ टाक्यांवर जायचं, काम उलटून परत यायचं, पुन्हा उलटायचं, आणि दोन्ही टोकांना एक-एक स्लिप स्टिच घेऊन पायरी बुजवायची. यात परतीच्या रांगेत टाक्याची उलटी बाजू बाहेर येते. मी हाच रस्ता घेतला, कारण ती जागा पुढच्या दोन पायांच्या मध्ये येते आणि खेळणं उभं असताना दिसत नाही. एक अर्धी फेरी-जोडी, एक पूर्ण फेरी, असं तीनदा केलं. टाके ३६ वरून ३०, २४, १८ करत १५ वर मान आणली आणि १० फेऱ्या सरळ वर नेली. घट करताना दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे धागे उचलून एकत्र काढले की घट दिसत नाही. ती अशीच करा, भोकं राहत नाहीत.

मानेत तार घालू का, हा विचार होता. पोर दीड वर्षांचं आहे, सगळं तोंडात घालतं, त्यामुळे तार नाही. त्याऐवजी मानेच्या मुळाशी, छातीच्या वळणात फायबर अगदी ठासून भरलं, दाबल्यावर बोट आत जाणार नाही इतकं. पोटात मात्र हलकं. छाती कडक असली की मान उभी राहते आणि पोट मऊ असलं की कुशीत घ्यायला बरं. याच कारणाने प्लॅस्टिकचे डोळेही नाहीत, काळ्या दोऱ्याने भरणार आहे.

डोक्याचा प्रश्न वेगळा. डोंगरगावच्या या सांगाड्यात मणके, बरगड्या, कंबरेची हाडं, खांदा, पुढचा डावा पाय असं पुष्कळ होतं, पण कवटी नव्हती आणि मागचे पाय आणि पावलंही नव्हती. तिथे नातेवाईकांकडे पाहावं लागतं. मादागास्करच्या रापेटोसॉरसची कवटी सापडलेली आहे, २००१ मध्ये त्याचं वर्णन झालं. तोही टायटॅनोसॉर, काळही जवळपास तोच, आणि भारत व मादागास्कर त्याच्या काही कोटी वर्षं आधीपर्यंत एकमेकांना जोडलेले होते. म्हणून डोकं त्याच्यासारखं लहान, बसकं, लांबट केलं. गोल डोकं जास्त गोंडस दिसतं हे खरं, आणि विकायला ठेवायचं असेल तर लोक गोलच मागतील. पण मला लांबट तोंडच पटतं. सुरुवात मॅजिक रिंगने न करता ५ साखळ्यांभोवती लंबगोल विणून केली, त्यामुळे मुस्कट रुंद आलं.

पुढचे पाय. टायटॅनोसॉरच्या पुढच्या पावलांना बोटांची हाडं जवळपास उरलेलीच नव्हती, नख्याही नाहीत. तळव्याची हाडं उभी जुळून खांब झालेला. बाजारातल्या बहुतेक खेळण्यांत चारही पायांना नख्या दिसतात. मी पुढच्या पायांना नखीचा एकही टाका भरणार नाही, मागच्यांना भरणार आहे. विणकामाच्या दृष्टीनेही हे सोपं आहे: रिंगमध्ये ६, मग १२, पुढची फेरी फक्त मागच्या धाग्यातून म्हणजे तळव्याला कड येते, आणि वर १० फेऱ्या सरळ. मागच्या पायाला त्याच कडेनंतर ७ फेऱ्या. हा तीन फेऱ्यांचा फरक, म्हणजे सेंटिमीटरभराहून जास्त, पाठीला उतार देतो. तळव्यात श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाची दीड सेंटिमीटरची गोल चकती घातली आहे, कडा कानशीने घासून. तिच्यामुळे तळवा सपाट राहतो, फुगून गोल होत नाही, आणि प्राणी डुलत नाही.

पाय शिवण्याआधी टाचण्या लावून टेबलावर उभा करून पाहणं अत्यंत गरजेचं. पुढचे पाय अंगाच्या अगदी खाली घेतले तर उतार वाढतो पण तोल पुढे जातो. बाजूला घेतले तर तोल येतो आणि उतार कमी होतो. सध्या पायाचं वरचं तोंड खांद्याच्या बाजूला, मध्यरेषेपासून ७ टाक्यांवर बसवलंय. समोरून पाहिलं तर दोन पायांत चांगली मोकळी जागा दिसते आणि छाती रुंद वाटते.

रंगाबद्दल कुणी विचारेलच. आयसिसॉरसचा रंग कळण्याचा मार्ग नाही, तेव्हा मी मातीकडे गेले. त्याच जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची जीवाश्मांची माती लाल, म्हणून अंग विटकरी आणि पोट फिकट मातकट. पाठीवर खवले किंवा काटे नाहीत. काही टायटॅनोसॉरच्या कातडीत हाडांच्या तकटी होत्या, पण इथे त्या लावल्या तर नजर उतारावरून हटेल.

पिसदुऱ्याची आणखी एक गोष्ट या कामात येणार आहे. तिथे डायनोसॉरची अश्मीभूत विष्ठा मिळते, आणि २००५ मध्ये वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी तिच्यात गवताचे सूक्ष्म सिलिका-कण दाखवले. डायनोसॉरच्या काळात गवत होतं आणि ते खाल्लंही जात होतं, याचा तो पुरावा. म्हणून खेळण्यासोबत हिरव्या दोऱ्याची गवताची एक जुडी विणते आहे: ८-१० साखळ्यांची पाती, प्रत्येक पात्यावर परत मुके खांब, बुंध्याशी एकत्र शिवलेली. मुलाला भरवायला काहीतरी हवंच.

अंडी कराल का, असं मैत्रिणीने विचारलं. आयसिसॉरसची हाडं ज्या लॅमेटा नावाच्या खडकांच्या थरांत मिळाली, त्याच थरांत मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेली, २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. टायटॅनोसॉरची ही अंडी साधारण १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाची. ७५ ला १ प्रमाणात एक अंडं जेमतेम २ मिलिमीटर होतं, माझ्या एका टाक्याच्या निम्मं! एवढ्या प्रचंड प्राण्याचं अंडं विणता येत नाही, फक्त गाठ मारता येते. तेव्हा गवताच्या जुडीच्या बुंध्यावर पांढऱ्या दोऱ्याच्या सात-आठ फ्रेंच गाठी घेईन. तोंडात जाण्यासारखं सुटं काही नको, त्यामुळे हेच बरं.

पुढचं काम असं: मागचा दुसरा पाय, मग चारही पाय विणकामातल्याच दोऱ्याने दोनदा फिरून शिवणे, कारण लहान मूल पाय धरूनच उचलतं. मागच्या प्रत्येक पावलावर तीन नख्या, मातकट दोऱ्याच्या, उभ्या टाक्यांच्या. डोळे शेवटी, सगळं शिवून झाल्यावर, कारण मानेचा कोन पक्का झाल्याशिवाय नजर कुठे लावायची ते ठरत नाही. सध्या टाचण्या लावून पाहिलं तर डोळ्यांची जागा मुस्कटाच्या टोकापासून सहाव्या फेरीत, थोडी बाजूला, चांगली दिसते आहे. कुणी लांबट डोक्याच्या प्राण्याला भरलेले डोळे केले असतील तर किती पदरी दोरा घेतलात ते कळवा. मी दोन पदरी धरून चालले आहे.