तुम्ही विचारलंत म्हणून : वय झालं हे कळतं कसं?

"वय होत चाललंय हे तुम्हाला पहिल्यांदा कधी जाणवलं हो?" हल्ली मला हे बरेच जण विचारतात. विचारणारे बहुधा माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान. परीक्षा देऊन बाहेर आलेल्याला "पेपर अवघड होता का?" विचारावं, तसा त्यांचा स्वर असतो. मी चोपन्न वर्षांची आहे आणि प्रामाणिक उत्तर असं, की मला जाणवलंच नाही. मला सोडून बाकी सगळ्यांना जाणवलं आणि त्यांनी ते मला कळवलं.

खुर्चीतून उठताना मी आवाज करते, हे मला मुलीनं सांगितलं. मी म्हटलं, काहीतरीच! तर तिनं गुपचूप रेकॉर्डच केलं. पाच वेळा उठले होते आणि पाचही वेळा "आई गं". माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली. ती होती तेव्हा दिवसातून इतक्या हाका मी तिला कधी मारल्या नव्हत्या. बसतानाही एक आवाज येतो म्हणे, पण तो समाधानाचा असल्यामुळे मी त्याची दखल घेत नाही.

चाळिशीच्या बाबतीत मात्र मराठीनं मुळीच भीड ठेवलेली नाही. वयालाही चाळिशी आणि चष्म्यालाही चाळिशीच. मी तीन वर्षं दाद दिली नाही. आधी दिव्यांना नावं ठेवली, मग छपाईला, मग औषधाच्या पाकिटावर मुंगीच्या पायांनी लिहिणाऱ्यांना. मोबाइल हळूहळू नाकापासून दूर दूर जात होता. शेवटी नवरा म्हणाला, "तुझे हात वीतभर लांब असते ना, तर तुला चष्मा लागलाच नसता."

खरं तर हे चाळिशीला सुरू होत नाही. डोळ्यातलं भिंग लहानपणापासूनच ताठर होत जातं. दहा वर्षांचं पोर सात-आठ सेंटीमीटरवर धरलेलं अक्षरही वाचू शकतं. पंचेचाळिशीच्या आसपास तेच अंतर पंचवीस सेंटीमीटरच्या पुढे सरकतं, म्हणजे आपण पुस्तक जिथे धरतो साधारण तिथे. चोर तीस वर्षं घरातच होता, आपल्याला दिसला तो उंबऱ्याशी आल्यावर!

चष्मा आला आणि त्याच्याबरोबर एक चमत्कारिक वाक्य तोंडी बसलं : "थांब, चष्मा लावते, मग बोल." यावर घरात खूप हसून झालंय. पण माझ्या बाजूनं एक भक्कम साक्षीदार आहे, अमेरिकेचे मुत्सद्दी आणि संशोधक बेंजामिन फ्रँकलिन. जवळचं आणि लांबचं दोन्ही दिसणाऱ्या आपल्या दुहेरी भिंगांच्या चष्म्याबद्दल त्यांनी १७८५ सालच्या एका पत्रात लिहिलंय, की या चष्म्यामुळे मला फ्रेंच जास्त चांगलं समजतं. समोरच्याचे ओठ हलताना दिसले की कानांना मदत होते, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा ते एकोणऐंशी वर्षांचे होते. मी पंचवीस वर्षं आधीच तिथे पोचले, एवढाच काय तो फरक.

कानांचा विषय निघालाच आहे, तर तेही सांगून टाकते. एका संध्याकाळी मुलीनं मोबाइलवर काहीतरी लावलं आणि स्वतःच दोन्ही कानांवर हात ठेवले. मी म्हटलं, "लाव की, मी थांबलेय." ती म्हणाली, "अगं आई, कधीपासून वाजतंय!" मी नवऱ्याकडे पाहिलं. तोही माझ्यासारखाच, सुरू व्हायची वाट पाहत बसलेला. तो आवाज होता सुमारे १७,४०० हर्ट्झचा. वय वाढतं तसे सगळ्यात आधी असे चिरके, वरच्या पट्टीतले आवाज कानातून निसटतात, त्यामुळे तो बहुतेक तरुणांनाच ऐकू येतो. वेल्समधल्या हॉवर्ड स्टेपलटन यांनी २००५ मध्ये याच जातीच्या आवाजाचं एक यंत्र केलं, दुकानांबाहेर रेंगाळणाऱ्या पोरांना पिटाळायला. 'मॉस्किटो' त्याचं नाव. पोरंच ती! त्यांनी त्याचा रिंगटोन केला, म्हणजे फोन वर्गात वाजला तरी शिक्षकांना पत्ता नाही. मला त्या शिक्षकांबद्दल फार आपुलकी वाटते.

याहून चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. १९९५ साली जेम्स हीथकोट या ब्रिटिश डॉक्टरांनी तिशीच्या पुढच्या दोनशेहून अधिक लोकांचे कान मोजले आणि हिशेब काढला, की कान वर्षाला सरासरी ०.२२ मिलीमीटर लांबतात. म्हणजे तिशीपासून आजवर माझ्या कानांनी पाच मिलीमीटरची कमाई केली असणार. ऐकू कमी यावं आणि कान मात्र वाढत जावेत! कर्मचारी वाढवून काम कमी करणारं हे एकच खातं माझ्या शरीरात आहे असंही नाही, पण जाऊ दे.

विसरण्याबद्दल सगळेच बोलतात, म्हणून मी थोडक्यात आटोपते. दुसऱ्या खोलीत जाऊन "मी इथे का आले?" म्हणत उभं राहण्याला मी वयाचं लक्षण मानत नाही. दारातून पलीकडे गेलं की मघाची गोष्ट निसटते, हे गेब्रिएल रॅडव्हान्स्की या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रयोगात दाखवलं ते कॉलेजातल्या विद्यार्थ्यांवर. दोष दाराचा. नावांचं मात्र कबूल. नवऱ्याचं आणि माझं हे संभाषण ऐका.

"अगं, ती भेटली होती."

"कोण, ती?"

"ती नाही गं. ती... हिची."

"अय्या! मग त्याचं झालं का ते?"

"झालं ना, त्या ह्यात."

यात एकही नाम नाही, तरी दोघांनाही सगळं समजलं होतं. मुलगी मान इकडून तिकडे फिरवत बसली होती. आम्ही इतक्या वर्षांत नवी भाषा तयार केलीय हे तिला कळत नाही आणि ती तिला म्हातारपण म्हणते.

बाकी किरकोळ. रात्री व्यवस्थित झोपले आणि सकाळी मान अवघडलेली, म्हणजे झोपेत दुखापत. ठरलेली भेट समोरच्यानं रद्द केली की "अरेरे" म्हणताना आवाजातला आनंद लपवावा लागतो. जन्मसाल निवडायचं ते मोबाइलवरचं चक्र पूर्वी बोटाच्या एका झटक्यात थांबायचं, आता तीन झटके लागतात आणि वाटेत माझ्या डॉक्टरांचं जन्मसालही मागे पडतं.

परवा ऑफिसात एकानं पुन्हा हाच प्रश्न विचारला. अडतीस-एकोणचाळीसचा असेल. "सांगा ना ताई, पहिल्यांदा कधी कळलं?" मी विचार करत होते, तेवढ्यात त्याच्या मोबाइलवर मेसेज आला. त्यानं तो डोळ्यांसमोर धरला, जरा लांब नेला, मग कोपर सरळ होईपर्यंत लांब नेला आणि पुटपुटला, "इथला लाइट अगदीच भिकार आहे."

"हो ना," मी म्हटलं, "फारच."